बटणावरची चिंधी

ही गोष्ट मी आजवर बऱ्याचदा सांगायला घेतली आणि दर वेळी दुसरीच सांगून मोकळा झालो. कोणी आमच्या कामाबद्दल विचारलं की मी वडिलांच्या दोरीच्या खरादापासून सुरुवात करतो. मग लाकडं. मग जुन्या कानशीची पटाशी कशी होते ते. ऐकणारा रंगून जातो, मीही रंगतो, आणि बोलता बोलता त्या दुपारपाशी आलो की मला तहान लागते, नाहीतर कोणाला तरी फोन करायचा राहिलाय हे आठवतं. "आलं ह्यांचं पाणी प्यायचं ठिकाण," असं माझी बायको म्हणते. का म्हणते ते तिलाही माहीत नाही. तिनं फक्त सवय पाहिलेली आहे.

तेव्हा मुद्दाच आधी लिहून टाकतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, खरादावर अपघात झाला तो त्याच्या हलगर्जीपणामुळं, असं आमचं घर, आमची गल्ली आणि आमच्या धंद्यातले लोक मानतात. दादाही मरेपर्यंत तेच मानत होता. ते खरं नाही. दादानं काम नीट केलं होतं. चूक माझी होती, आणि ती माझी आहे हे मला तेव्हाच कळलं होतं.

आता ती चूक काय होती हे समजायला आमचा खराद, म्हणजे लाकूड गरगर फिरवत कापायचं यंत्र, समजायला हवा. थोडं सांगतो. या वेळी पाणी मागणार नाही.

शहागंजाच्या मागच्या अंगाला एका अरुंद गल्लीत आमची पत्र्याची लांबट खोली होती. तिलाच आम्ही कारखाना म्हणायचो. वडील तिथं बाजेचे पाय, लाटणी, रव्या, पाळण्याच्या दांड्या करायचे. त्यांचा खराद दोरीचा होता. लाकडाला वेढा दिलेली दोरी एकानं पुढं-मागं ओढायची आणि दुसऱ्यानं पटाशी धरायची. दोरी दादा ओढायचा. वडील थकल्यावर पटाशी माझ्या हातात आली, तरी दोरी त्याच्याच हातात राहिली. "तुझा हात हलका आहे, तू काप. म्या बैल आहे, म्या वडतो," असं तो म्हणायचा. त्याच्या हाताची लय अशी होती की लाकूड कधी अडकायचं नाही.

वडील गेल्यावर मोटरीचा खराद दादानंच बांधला. विकत घ्यायचा विचार आमच्या डोक्यात आला नाही. रेल्वेच्या जुन्या स्लीपरचं बूड, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची मोटर, भंगारातल्या जीपची बेअरिंगं. फिरणाऱ्या दांड्याच्या टोकाला चिकलठाण्याच्या एका वर्कशॉपमधून आटे पाडून आणले. मोटर खाली, जमिनीलगत. तिच्यावरून दांड्यापर्यंत पट्टा. धोतर-पायजमा अडकू नये म्हणून दादानं पट्ट्याच्या पुढं तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला होता. म्हणजे पुढं उभं राहिलेल्याला पट्टा दिसायचा नाही. हे लक्षात ठेवा.

दोरीच्या खरादावर लाकूड दोन टोकांमध्ये अडकवलेलं असतं आणि ते दोन्हीकडे फिरतं, त्याला उलटं-सुलटं नसतं. मोटरीच्या खरादावर पसरट काम करायचं तर, म्हणजे पोळपाट किंवा काथवट, लाकडाचा गोल ठोकळा एका लोखंडी तबकडीला स्क्रूनं पक्का करायचा आणि ती तबकडी दांड्याच्या आट्यांवर फिरवून बसवायची. बरणीचं झाकण बसवतात तशी. खराद सुलटा फिरतो तेव्हा कामाच्या जोरानं तबकडी आणखी आवळते. उलटा फिरला तर सुटायला लागते. एखाद्याच आट्यावर अर्धवट अडकवलेली असली, तर सुलट्या फिरण्यातही निसटते.

मग उलटा फिरवायचाच कशाला? शेवटच्या घासाईसाठी. पॉलिशपेपरनं एकाच दिशेनं घासलं की लाकडाची बारीक लव आडवी पडते, पाण्याचा हात लागला की पुन्हा उभी राहते. उलट्या दिशेनं घासलं की ती निघून जाते आणि लाकूड गालासारखं लागतं. ही युक्ती माझी. पट्टा काढायचा, त्याला मधे एक पीळ द्यायचा, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा पुन्हा चढवायचा; खराद उलटा. तयार झालेलं काम हलकं असतं. हातानं धरून हळू सोडलं तर तबकडी सुटत नाही.

दादाला ही युक्ती आवडली नव्हती. एकदा त्याच्या देखत एक पोळपाट सुटून घरंगळत दारापर्यंत गेला होता. कोणाला लागलं नाही, पण त्या दिवशी त्यानं नियम केला. पट्टा उलटा चढवला की मोटरीच्या बटणावर लाल चिंधी बांधायची. ज्यानं बांधली त्यानंच सोडायची, तीही पट्टा सुलटा केल्यावर. वहिनीच्या जुन्या लुगड्याची चिंधी होती ती. बटणाशेजारच्या खिळ्याला लटकलेली असायची.

"चिंधी दिसली की म्या हात लावणार नाय," दादा म्हणाला. "आन नाय दिसली तर म्या इचारणार नाय. कळलं का, धाकट्या?"

"कळलं," मी म्हणालो.

त्या सुमारास दौलताबादच्या रस्त्यावर एक गावरान जेवणाचं हॉटेल निघत होतं. आता तशी पुष्कळ झाली आहेत. त्या मालकाला काथवटी हव्या होत्या. आमच्याकडे भाकरीचं पीठ मळायला घराघरात लाकडी काथवट असायची. स्टीलच्या पराती आल्या तशा त्या माळ्यावर गेल्या. आता त्या माणसाला त्याच काथवटी टेबलावर मांडायच्या होत्या, पिठाला नाही, शोभेला. पसंत पडल्या तर त्याच्या ओळखीतली आणखी हॉटेलं होती. लाटणी-पोळपाटांवर दिवस काढणाऱ्या आम्हाला हे फार मोठं वाटलं. घाई सुरू झाली. ती मुख्यतः माझ्या अंगात होती. दादा म्हणायचा, बाभळीच्या लाकडाला घाई चालत नाही, ते जड आहे, आणि वाळलं तरी मनात ओल ठेवतं.

त्या दुपारी मी एक काथवट उलटी फिरवून घासत होतो. चिंधी बांधलेली होती. घासून झाली, खराद बंद केला, आणि लाकडाला तेलाचा हात द्यायला फडकं शोधू लागलो. फडकं मिळेना. समोर चिंधी होती. मी बटणावरची चिंधी सोडली, तेलात बुडवली आणि काथवट पुसली. लाकडाचा रंग असा काही खुलला की मी ती दांड्यावरून उतरवून उजेडात बघायला मागच्या दाराशी घेऊन गेलो. जाताना चिंधी सदऱ्याच्या खिशात कोंबली. पट्टा उलटाच होता.

मागच्या अंगणात लाकडं रचलेली होती. काथवट भिंतीला टेकवून मी पुढचे ठोकळे निवडत बसलो. दादा आत आला ते मला आवाजावरून कळलं, कारण त्याच्याबरोबर चहावाले चाचाही दारात येऊन उभे राहिले होते. समोरच त्यांची टपरी. रिकामे ग्लास न्यायला यायचे आणि एक तरी चिमटा काढल्याशिवाय जायचे नाहीत.

"क्या दादा, बेटे की शादी में बुलाया नै," ते म्हणाले. "बिर्याणी का खर्चा बचाया?"

"आमच्यात बिर्याणी नसती चाचा, वरण-बट्टी असती," दादा म्हणाला. "तुमाला दात कुठं राहिलेत बट्टीला?"

"दाल में भिगा के खाता मैं. बुलाओ तो सई."

दादा हसत होता. हसता हसता तो नवा ठोकळा लावलेली दुसरी तबकडी आट्यांवर फिरवत होता. लोखंडावर लोखंड फिरल्याची ती बारीक कुरकुर मला मागून ऐकू येत होती. कुरकुर थांबली. मग थाप. तबकडी पूर्ण बसली की तो तिच्यावर तळव्यानं एक थाप मारायचा आणि "बसली" म्हणायचा. त्या दिवशीही त्यानं थाप मारली आणि "बसली" म्हणाला. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहितोय ती हीच.

मग त्यानं बटण दाबलं.

मोटर एकदम जोर घेते. दांडा उलटा फिरला आणि एवढा जड ठोकळा जागच्या जागी मागे राहिला. तबकडी आट्यांवरून सुटली. मला फक्त वेगळा आवाज आला, मग टेकणीवर, म्हणजे पटाशी टेकवायच्या लोखंडी पट्टीवर, काहीतरी आदळल्याचा, आणि मग चाचांची आरोळी. मी धावत आत गेलो तेव्हा दादा जमिनीवर बसलेला होता. उजवं मनगट डाव्या हातात धरून त्याच्याकडे बघत होता, दुसऱ्याच्या मालकीचं काही सांभाळायला मिळावं तसा. ठोकळा भिंतीपाशी. मोटर फिरतच होती.

चाचांनी रिक्षा थांबवली. गल्लीतली माणसं जमली. दादाला रिक्षात बसवताना मी म्हणालो, "तुम्ही व्हा पुढं, मी मोटर बंद करून, कुलूप लावून आलोच."

मोटर बंद करायला मला क्षणही लागला नसता. मी ती बंद केली, मग पत्र्यामागं हात घालून पट्टा काढला, पीळ उलगडला आणि सुलटा चढवला. त्या वेळी मी मनाशी काय म्हणत होतो ते मला नीट आठवतं. मी म्हणत होतो की असा उलटा पट्टा ठेवून जाणं बरं नाही, आणखी कोणाला लागेल. जसं काही बंद खोलीत कोणी येणार होतं. काम बिनचूक झालं. चिंधीही खिळ्याला लटकवावी म्हणून खिशात हात घातला, पण ती तेलानं माखलेली होती. ती तशीच राहू दिली.

दवाखान्यात बाकावर दादा शेजारी बसला होता. क्ष-किरणाला नंबर लागायचा होता. वहिनी यायची होती. 

"धाकट्या," तो म्हणाला, "म्या आवळली व्हती रं. थाप मारल्याली मला याद आहे."

त्या वेळी सांगितलं असतं तर काय झालं असतं? तो चिडला असता. दोन दिवस बोलला नसता. वहिनीनं माझी हजेरी घेतली असती. एवढंच. पण ते मला आज दिसतं. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "चाचांशी बोलत होतास, दादा. बोलण्याच्या नादात राहून गेलं असंल."

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत संशय नव्हता. माझ्यावर संशय घ्यायचं त्याला कधी सुचलंच नाही.

"व्हय का?" तो म्हणाला. मग मनगटाकडं बघत, "आसंल. राहिलं आसंल."

मनगट जुळलं, जरा वाकडं जुळलं. वयही होतं. पण त्या मनगटानं तो सायकल चालवायचा, वहिनीला पिठाचा डबा उचलून द्यायचा. खरादावर मात्र पुन्हा उभा राहिला नाही. मी एकदा आग्रह केला तेव्हा तो म्हणाला, "हात पटाशी धरतो रं. मलाच हाताचा भरवसा वाटत नाय." काथवटींचं काम मी एकट्यानं रेटून बघितलं, वेळेत झालं नाही, आणि तो हॉटेलवाला दुसरीकडून फॅक्टरीत केलेल्या काथवटी घेऊन गेला.

चाचांनीही स्वतःला दोषी धरलं. आपण बोलण्यात गुंतवलं म्हणून दादाचा हात गेला, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यानंतर ते दारात यायचे, ग्लास फळीवर ठेवायचे आणि निघून जायचे. मशीन सुरू असताना त्यांनी पुन्हा एक शब्द काढला नाही. ती टपरी बंद होईपर्यंत नाही. त्यांनाही मी सांगू शकलो असतो.

मग दादानं हत्यारं करायला सुरुवात केली. कारखान्याच्या कोपऱ्यात छोटी भट्टी मांडली. झिजलेल्या कानशी, ट्रकच्या कमानीच्या पट्ट्या, तुटक्या पहारी, भंगार बाजारातून निवडून आणायचा. कानस तापवून लाल करायची, तेलात बुडवायची. तेवढ्यावर ठेवली तर काचेसारखी होते, पहिल्याच गाठीला तुटते. म्हणून पुन्हा हळूहळू ऊब द्यायची, पोलादावर वाळल्या गवताचा रंग चढेपर्यंत, आणि नेमकं तिथं थांबायचं. याला आम्ही पाणी देणं म्हणतो. दादाचं पाणी फार छान बसायचं. काथवटीचं पोट आतून कोरायला त्यानं वाकडी आकडी केली, मधे मानेपाशी जाड आणि टोकाला नखाएवढी. मुठीला पितळेचं कडं, जुन्या स्टोव्हच्या टाकीचं. पैठणच्या साडी विणणाऱ्यांना कांड्या करून देणारा एक जण एसटीनं मुद्दाम यायचा त्याच्याकडून पटाश्या घ्यायला.

लोक म्हणायचे, झालं ते बरं झालं, नाहीतर हे हत्यार आम्हाला कुठलं मिळणार. मी ते वाक्य उचललं आणि पुष्कळ दिवस मलमासारखं मनाला लावत राहिलो. पण मी त्याच्याजवळच काम करत होतो, त्यामुळं मला दिसायचं. मूठ ठोकून झाली की तो ती ओढून बघायचा. बाजूला ठेवायचा. पुन्हा उचलून ओढायचा. गिऱ्हाईक पैसे देऊन उंबऱ्यापर्यंत गेलं की हाक मारायचा, "जरा आना बरं हिकडं," आणि पुन्हा ओढून बघायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, काय मन लावून काम करतो माणूस. खरादावर माझी पटाशी हुकायची. हातातलं काम बिघडायचं. मी उठून मागं अंगणात जायचो, लाकडं उगाच इकडची तिकडं रचायचो, परत यायचो.

घरीही तेच. गॅसचं बटण, नळ, कडी, गाडीचा स्टँड. एकदा आम्ही सगळे पैठणला निघालो होतो. बस चितेगावच्या पुढं गेली आणि दादा उठला. "कुलूप लागलं नाय," म्हणाला. वहिनी म्हणाली, "माझ्यासमोर ओढून बघितलं की तुमी." तरी तो उतरला आणि एकटा परत गेला. कुलूप लागलेलं होतं.

यात सगळ्यात वाईट जे आहे ते आता लिहितो. घरात यावर जी थट्टा चालायची ती माझी होती. कोणाच्या तरी साखरपुड्यात पंगत बसली होती, लोणच्याची बरणी फिरत दादाकडे आली. तो झाकण लावू लागला, आणि मी म्हणालो, "दादाकडं झाकण देऊ नका, उडंल." सगळी पंगत हसली. दादाही हसला. मी का म्हणालो? मला वाटतं, तो झाकण पुन्हा पुन्हा आवळत होता ते मला बघवेना, आणि लोक हसले की तो थांबेल असं मला वाटलं. तो थांबला. पण वाक्य राहिलं. पोरंसोरं म्हणू लागली, सुना म्हणू लागल्या, गल्लीत म्हणू लागले. टपरीवर कोणी बाटलीचं बूच लावलं की, "दादाला दाखवून घे." एकदा तर चाचाच त्याची बाजू घेऊन पोरांवर ओरडले, "अरे चुप बैठो! गलती मेरी थी, मैं बाताँ में लगाया उसको."

मी तिथंच बसलो होतो. चहा पीत होतो.

पुढं पुतण्यानं फुलंब्रीला घर बांधलं आणि दादा-वहिनी तिकडं राहायला गेले. कारखाना मी काही दिवस ओढला, मग तोही बंद केला. खराद विकला नाही. बूड किडलं, मोटर भंगारात गेली. त्या दुपारी सुटलेली तबकडी माझ्या घरी आहे. अधूनमधून मी फुलंब्रीला जायचो. जाताना बसमध्ये वाक्य तयार करायचो. सावंगीच्या नाक्यापर्यंत ते बरं वाटायचं. पुढं गेलो की त्यातला एकेक शब्द खोटा वाटायला लागायचा, आणि उतरेपर्यंत हातात फक्त केळी उरायची.

शेवटचा गेलो तेव्हा दादाला धाप लागायला लागली होती. ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. उन्हं उतरत आली होती. वहिनी आत चहाला गेली. मी ठरवून आलो होतो. त्या दिवशी वाक्य सावंगीच्या पुढंही टिकलं होतं. मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणालो, "दादा, ती काथवटीची दुपार..."

"तेच बोलायचं व्हतं मला," तो म्हणाला. "बरं झालं तूच काढलंस."

 त्यानं श्वास घेतला.

"तुझी लई मोठी आर्डर गेली माझ्यापायी. कारखाना वर आला आसता. तू एकट्यानं वडला, आन मला कधी एका शब्दानं बोलला नाय. थट्टा केली तेवढी, ती तर हक्काची." तो हसला, हसताना खोकला आला. "म्या तुझी कधी माफी मागितली नाय, धाकट्या. लाज वाटायची. आता मागतो. माफ कर."

हे लिहिताना पुन्हा त्या ओट्यावर बसल्यासारखं होतंय. माझ्या तोंडात वाक्य होतं. तयार होतं. एवढंच म्हणायचं होतं की थांब. त्याऐवजी मी त्याच्या वाकड्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे, दादा. होतं असं."

म्हणजे मी त्याला माफ केलं.

त्याचा चेहरा मोकळा झाला. खरंच झाला. त्याला बरं वाटलं हे बघून मला वाटलं, असू दे, आता हे मोडायचं कशाला. अजूनही कधी कधी असं वाटतं, आणि तसं वाटलं की मी उठून घरात फेऱ्या मारायला लागतो. वहिनीनं चहा आणला. दादानं औषधाची बाटली उचलली, दोन घोट घेतले, बूच लावलं, ओढून बघितलं, पुन्हा आवळलं. मग बाटली माझ्यासमोर धरली.

"बघ रं, बसलंय का?"

मी बूच हातात धरून बघितलं. ते इतकं घट्ट होतं की मला सुटलं नसतं.

"बसलंय," मी म्हणालो.

"मग ठीक," असं म्हणून त्यानं बाटली खाली ठेवली आणि ती पुन्हा उचलली नाही. मी असेपर्यंत तरी नाही.

परत येताना मी ठरवलं होतं की पुढच्या खेपेला तबकडी बरोबर न्यायची. त्याच्या हातात द्यायची, आटे दाखवायचे, पट्ट्याचं सांगायचं. हातात लोखंड असलं की मला बोलता येतं. पुढची खेप झाली ती त्याच्या मातीला.

तेराव्याला जेवणं झाल्यावर माणसं मांडवात बसली होती. दादाच्या गोष्टी निघाल्या, तशा निघतातच. हत्यारांच्या, वरण-बट्टीच्या, पैठणच्या बसच्या. मग कोणीतरी झाकणाची काढली. "वर पण देवाला म्हणत असंल, स्वर्गाचं दार नीट लावलं का बघतो." सगळे हसले आणि डोळे पुसू लागले. प्रेमानंच. वहिनीही हसली. पदरानं डोळे टिपत ती माझ्याकडे वळली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊजी, तुमचं मात्र नाव काढत होते शेवटपर्यंत. चूक त्यांची, नुकसान तुमचं, पण तुमी कधी टाकून बोलला नाय. आसा भाऊ मिळायला नशीब लागतं म्हणायचे."

मी उठलो आणि पाणी मागितलं.

निघताना वहिनीनं एक पोतडी माझ्या हातात दिली. दादाची हत्यारं. ती वाकडी आकडीही होती त्यात. घरी आणून मी ती ओळीनं मांडली आणि एकेक मूठ ओढून बघितली. एकही हलली नाही. मग पुन्हा बघितली. बायको दारात येऊन उभी राहिली. "काय चाललंय?" तिनं विचारलं. "काही नाही," मी म्हणालो.

हे लिहून झालं की वहिनीला वाचून दाखवणार आहे. ती काय म्हणेल याची भीती आहे, पण ते तिचं आणि माझं. चाचा कुठं आहेत याचीही चौकशी करतो आहे. कोणी म्हणतं, मुलीकडं बीडला असतात. त्यांना सांगायचं आहे की बिर्याणीच्या बाताँमुळं काही झालं नव्हतं. ही दोन माणसं सापडतील. तिसरं सापडणार नाही. तरी बसमध्ये जे तयार केलं होतं, सावंगीच्या पुढंही जे टिकलं होतं, ते इथं लिहितो, कारण दुसरीकडं ठेवायला जागा नाही:

दादा, तबकडी बसली होती. थाप मी ऐकली होती. पट्टा मी उलटा ठेवला होता आणि चिंधी माझ्या खिशात होती. तुझा हात तेव्हाही बरोबर होता आणि नंतरही होता. माफी तू मागायची नव्हतीस. मला माफ कर.